दुःखाच्या काळात देवाची सोबत कशी धरावी: तुकोबांच्या एका अभंगाचा आधार

घरात कर्करोगाचे निदान व्हावे, हाताशी आलेला मुलगा अपघातात जावा किंवा लागोपाठ दोन हंगाम पीक बुडून कर्जाची नोटीस दारात यावी, आणि त्या माणसाच्या तोंडून ‘हे माझ्याच वाट्याला का?’ याखेरीज दुसरे काही निघू नये, हे आपण सगळ्यांनीच जवळून पाहिलेले असते. अशा वेळी उत्तरे देणाऱ्यांची वाण पडत नाही. कोणी प्रारब्ध सांगतो, कोणी पत्रिका दाखवून घ्यायला सुचवतो, कोणी देव आपल्याच माणसाची परीक्षा पाहतो असे म्हणून पाठीवर हात ठेवतो. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु ऐकणाऱ्याचे ओझे त्याने वाढते, कारण दुःख तर असतेच, आता त्याबरोबर स्वतःच्या दोषांचा हिशेबही मांडावा लागतो. प्रस्तुत लेख त्या ‘का’च्या वाटेला जात नाही. देव या क्षणीही माझ्यापाशी आहे या श्रद्धेचा आधार प्रत्यक्ष कसा घ्यावा, रोज काय करावे आणि काय टाळावे, एवढाच त्याचा विषय आहे.

यासाठी वाटाड्या म्हणून मी तुकोबांचा एकच अभंग घेतला आहे. ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ हा तो आत्मकथनपर अभंग. संतांनी विचारले म्हणून सांगतो, एरवी हे बोलू नये, अशा संकोचाने तुकोबा त्यात आपली कहाणी सांगतात. आईवडील गेले. 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्यात पैसा गेला, मान गेला आणि ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. व्यापारात खोट आली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. परंपरा सांगते की थोरला मुलगा संतूही त्याच काळात गेला. इतके सांगून झाल्यावर हे सारे का घडले याचा एकही खुलासा तुकोबा करत नाहीत; त्यानंतर आपण काय काय केले, ते मात्र एकामागून एक सांगत जातात. भंगलेले देऊळ दुरुस्त केले, एकादशीला कीर्तनाला आरंभ केला, संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांचे धृपद म्हणजे पालुपद धरले, शरीर कष्टवून जमेल तो उपकार केला. शोकातून उठणाऱ्या माणसासाठी मराठीत याहून प्रामाणिक मार्गदर्शन मला माहीत नाही, म्हणून पुढची मांडणी याच क्रमाच्या आधाराने केली आहे.

सुरुवातीला काय अपेक्षा ठेवावी

देवाची सोबत म्हणजे वेदना थांबणे, असे मनात धरून जो नामस्मरणाला बसतो त्याची काही दिवसांतच निराशा होते, आणि मग आपल्यात भक्ती कमी आहे असे त्याला वाटू लागते. ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती’ या ओळीतला देव रस्ता बदलून देत नाही. तो हात धरून चालवतो आणि पुढच्याच चरणात म्हटल्याप्रमाणे भार आपल्याबरोबर वाहतो. रस्ता तोच राहतो, चढही तोच राहतो. रुग्णालयातले अहवाल चांगले येतील की वाईट, याचे आश्वासन या सोबतीत नाही, आणि तसे आश्वासन देवाच्या नावाने कोणी देत असेल तर त्याच्यापासून सावध राहावे.

दुसरी अपेक्षा भावनेची. डोळे मिटले की शांत वाटेल, कोणीतरी जवळ असल्यासारखे भासेल, असे आपण ऐकलेले असते. कधी तसे वाटतेही. परंतु ताज्या दुःखात मन बहुधा बधिर असते, आणि नाम घेताना काहीच वाटत नाही. या बाबतीत तुकोबांचे ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. एकादशीचे कीर्तन सुरू केले तेव्हा आपले चित्त त्यात नव्हते, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. कृती आधी सुरू झाली, चित्त मागाहून आले. म्हणून आपल्याला काही जाणवते आहे की नाही याची सारखी चाचपणी करू नये. देव जवळ असणे हे आपल्या जाणवण्यावर अवलंबून नाही, हीच तर या श्रद्धेतली दिलासा देणारी बाजू आहे. नाहीतर ज्याचे मन सर्वांत खचलेले, तोच देवापासून सर्वांत लांब ठरला असता.

हाताने करण्याचे एक काम

दुःखी माणसाने ध्यानापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रिकाम्या मनात तेच तेच प्रसंग फिरत राहतात. ‘देवाचें देऊळ होतें जें भंगलें’ ते नीट करावे असे तुकोबांच्या मनात आले, आणि देहूचे ते काम दगडमातीचे होते. हात गुंतले की मनाला टेकायला जागा मिळते.

आजारपण लांबलेल्या घरात देवघराची अवस्था कशी होते, हे पाहण्यासारखे असते. समईत तेल चिकट होऊन बसलेले, वातीची काजळी मागच्या फरशीवर चढलेली, आठवड्यापूर्वीची फुले मूर्तीच्या पायाशी वाळून तपकिरी झालेली, आणि निरांजनाशेजारी कोणीतरी औषधांची बिले दुमडून ठेवलेली. त्या घरातल्या माणसाने एका सकाळी फक्त ती समई उतरवावी, चिंच लावून घासावी, काजळी ओल्या फडक्याने पुसावी आणि एक वात लावावी. त्या दिवशी यापलीकडे काही केले नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी फुले काढावीत. तुळस सुकली असेल तर नवे रोप आणावे. सगळे देवघर एका दमात उजळण्याचा संकल्प करू नये, कारण थकलेल्या माणसाचा मोठा संकल्प मोडतो आणि मोडलेला संकल्प मनाला आणखी लागतो.

रुग्णालयात असाल तर खाटेजवळचे छोटे कपाट हेच देवघर समजावे. त्यावरचे औषधांचे रिकामे पुडे, उष्टा पेला, काल आणलेल्या केळ्यांच्या साली हे सगळे आवरून एक कोपरा मोकळा करावा आणि पाकिटातला विठोबाचा लहानसा फोटो तिथे टेकवून ठेवावा. उदबत्ती किंवा दिवा मात्र वॉर्डात लावू नये. शेजारच्या रुग्णाला श्वासाचा त्रास असू शकतो आणि प्राणवायूच्या नळ्या असलेल्या जागी जाळ धोक्याचा असतो.

मृत्यूनंतर अनेक घरांत सुतक पाळतात आणि तेवढे दिवस पूजा बंद राहते. ज्या दिवसांत आधाराची सर्वाधिक गरज, नेमके त्याच दिवसांत देव दुरावला असे काहींना वाटते. पूजेबाबत आपल्या घरची रीत जरूर पाळावी, पण नामाला ही आडकाठी नाही. हरिपाठात ज्ञानदेव स्वच्छ सांगतात, ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’. सुतक असो, मासिक पाळी असो, अंघोळ न झालेली रुग्णालयातली रात्र असो, नाम घ्यायला अडचण कसलीच नाही.

वेळ आणि नेम

नेम लहान असावा आणि तो दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधलेला असावा. ‘जमेल तेव्हा नाम घेईन’ असे म्हटले की दुःखाच्या दिवसांत ते जमत नाही, कारण त्या दिवसांना आकारच उरलेला नसतो. सकाळचा चहा, संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ, रुग्णाच्या रात्रीच्या गोळ्यांची वेळ यांपैकी एक निवडावी. ज्ञानदेवांचा संपूर्ण हरिपाठ रोज म्हणणाऱ्यांनी तो सोडू नये, पण ज्यांना तेवढा वेळ बसवत नाही त्यांनी एकच अभंग म्हणावा. ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ या पहिल्याच ओळीत मागणी आहे ती क्षणभराची. शस्त्रक्रियागृहाच्या बंद दारासमोर चार तास उभे राहणाऱ्या बापाला तो क्षण मिळू शकतो.

नाम श्वासाबरोबर घेण्याची रीत सोपी आहे. तुकोबांना स्वप्नात गुरूंकडून मिळालेला मंत्र ‘रामकृष्णहरी’ असाच साधा आहे. श्वास आत घेताना ‘रामकृष्ण’, सोडताना ‘हरी’ असे मनात म्हणावे, सोडणे थोडे लांबवावे, आणि श्वास ओढूनताणून घेऊ नये. ज्याचे दैवत वेगळे आहे त्याने आपल्या दैवताचे नाव घ्यावे. येशूचे किंवा अल्लाचे नाव घेणाऱ्या मराठी माणसालाही ही रीत परकी वाटू नये. 108 मण्यांची माळ हातात असेल तर उत्तम, पण सलाईनची सुई टोचलेल्या हाताने माळ ओढता येत नाही. अशा वेळी दुसऱ्या हाताच्या बोटांची पेरे अंगठ्याने मोजावीत. मोजणीत चूक झाली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नाही.

एकादशीबद्दल एक सूचना महत्त्वाची आहे. तुकोबांच्या ओळीत कीर्तन आहे; उपास तिथे सांगितलेला नाही. मधुमेहाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, आणि सोबत राहणाऱ्या नातेवाइकानेही उपाशीपोटी रात्री जागवू नयेत. एकादशी राखायचीच असेल तर त्या दिवशी एक जास्तीचा अभंग म्हणावा.

पाठांतर

‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें’ ही ओळ आजच्या काळात फार दुर्लक्षित झाली आहे. सगळे मोबाइलवर असताना पाठ कशाला करायचे, असा प्रश्न साहजिक आहे. पण पहाटे तीन वाजता जाग येते तेव्हा चष्मा जागेवर नसतो, दिवा लावला तर शेजारी झोपलेला रुग्ण उठेल अशी भीती असते, अतिदक्षता विभागात मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात, आणि एमआरआयच्या यंत्रात तर माणूस अगदी एकटा असतो, कानाशी ठकठक आवाज आणि अंगाला हलवायची बंदी. अशा ठिकाणी जे तोंडपाठ आहे तेवढेच हाताशी असते. ज्यांच्या आजीने लहानपणी शुभंकरोती, मनाचे श्लोक किंवा हरिपाठ पाठ करून घेतला, त्यांना त्या शिदोरीची किंमत अशा रात्री कळते.

शोकात पाठांतर सोपे नसते, कारण लक्ष टिकत नाही आणि वाचलेले पुसले जाते. म्हणून रोज एकच चरण घ्यावा. तो वहीत स्वतःच्या हाताने लिहावा, कारण लिहिताना शब्दाशी जितका वेळ जातो तितका वाचताना जात नाही. सकाळी लिहिलेला चरण दिवसभरात तीन-चार वेळा आठवून पाहावा, अडला तर वही उघडावी. सुरुवातीला निवड करताना उपदेशाचे, वैराग्याचे, देहाच्या नश्वरतेचे अभंग घेऊ नयेत. ते थोर आहेत, पण ओल्या जखमेला लागतात. ज्यांत देवाला माउली म्हणून हाक आहे, ज्यांत सोबतीची गोष्ट आहे, असे घ्यावेत. ‘जेथें जातों तेथें’ हा त्यासाठी फार चांगला. ज्यांना ओवी जवळची वाटते त्यांनी आईच्या किंवा आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी आठवावी. तीही देवाचीच आठवण आहे.

दुसऱ्यांचे धृपद धरणे

आपला आवाज फुटत नाही असे दिवस येतात. गळा दाटून येतो, पहिल्याच ओळीला रडू कोसळते, किंवा रडूही येत नाही आणि शब्द निरर्थक वाटतात. ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद’ हे सांगणे अशा दिवसांसाठी आहे. आपण पुढे होऊन गावे, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. भजनात मागे बसावे, ध्रुवपद आले की ओठ हलवावेत, तेही जमले नाही तर नुसते ऐकावे. दुसऱ्याच्या आवाजावर टेकून राहणे ही वारकरी संप्रदायात कमीपणाची गोष्ट मानली जात नाही. टाळकरी मागे उभे राहून झेलतात म्हणूनच कीर्तनकाराला अभंग उचलता येतो.

प्रत्यक्ष भजनाला जाणे शक्य नसेल तर ठरलेल्या वेळी फोनवर जोडून घ्यावे. परदेशात राहणाऱ्या मुलाने गावाकडच्या आजारी आईला नुसते ‘जेवलीस का’ विचारण्याबरोबर तिच्यासोबत हरिपाठाचे दोन अभंग म्हणावेत, तेवढा वेळ दोघांचाही चांगला जातो. 2020 साली टाळेबंदीत आषाढीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांना आपापल्या घरी राहावे लागले. ज्यांची वारी चुकली त्यांच्या मनाला ते लागलेच, पण वाटेवर चालता आले नाही म्हणून विठोबा दूर गेला असे वारकऱ्यांनी मानले नाही. खाटेला खिळलेल्या माणसाने हे आवर्जून ध्यानात ठेवावे.

मदत घेताना संकोच धरू नये, हेही याच संदर्भात सांगितले पाहिजे. ‘लाज नाहीं मनीं येऊं दिली’ असे तुकोबा संतांच्या सेवेबद्दल म्हणतात. शेजाऱ्याने डबा आणून दिला किंवा भावाने रात्रपाळीला बसायची तयारी दाखवली तर तीच निर्लज्जता आपणही दाखवावी. देव माणसांच्या रूपाने येतो असे म्हणणारे आपण, माणूस दारात आला की ‘नको, राहू दे’ म्हणतो.

देवाशी भांडण

आता ज्या गोष्टीला श्रद्धाळू माणसे सर्वांत जास्त घाबरतात तिच्याकडे येऊ. मनात देवाविषयी राग असतो. इतकी वर्षे वारी केली, गुरुवार केले, कोणाचे वाईट चिंतले नाही, त्याचे हे फळ का, असा संताप आत धुमसत असतो. आणि तो संताप म्हणजे पाप अशी समजूत असल्यामुळे माणूस वरवर स्तोत्र म्हणत राहतो. दोघांतले बोलणे खोटे झाले की सोबत उरत नाही. म्हणून तक्रार दडपू नये, ती देवालाच ऐकवावी.

मराठी संतांनी हे अगदी मोकळेपणाने केले आहे. ‘पतितपावन नाम ऐकुनी आलों मी द्वारा, पतितपावन न होसि म्हणूनि जातों माघारा’, असे नामदेव विठोबाला तोंडावर सुनावतात. तुकोबांच्या ज्या अभंगाच्या आधाराने आपण चाललो आहोत त्यात ‘बुडविल्या वह्या बैसलों धरणें’ अशी नोंद आहे. लोकांच्या निषेधामुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते देवाच्या दारात धरणे धरून बसले. परंपरेनुसार ते बसणे तेरा दिवसांचे होते. या ओळीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. देवावर रुसलेला हा माणूस उठून दुसरीकडे गेला नाही. धरणे ज्याच्याकडून काही येणे आहे त्याच्याच दारात धरतात. राग आणि विश्वास एकाच जागी बसू शकतात, हे त्यातून दिसते, आणि ‘केलें नारायणें समाधान’ हे शब्द त्या बसण्यानंतर आले आहेत.

प्रत्यक्षात हे असे करावे. एकांत मिळेल अशी जागा पाहावी. घरात गर्दी असेल तर गच्ची, शेताचा बांध, न्हाणीघरसुद्धा चालेल. देवाला ‘तू’ म्हणून हाक मारावी आणि जे आहे ते घरातल्या भाषेत, मोठ्याने किंवा पुटपुटत, सांगावे. वाक्ये सजवू नयेत. ‘तुझी इच्छा असेल तसे होवो’ हे शब्द मनापासून येत नसतील तर ते म्हणू नयेत, येतील तेव्हा येतील. बोलणे जमत नसेल तर पत्र लिहावे आणि हवे तर नदीत सोडण्याऐवजी वहीतच ठेवावे, म्हणजे काही महिन्यांनी आपण कुठे होतो ते वाचता येते. बोलून झाल्यावर लगेच उठू नये. काही मिनिटे तिथेच बसावे. उत्तर येईलच असे नाही. परंतु जे सगळे ऐकून घेणाराही कोणी नाही असे वाटत होते, ते आता एकट्याच्या मनात कोंडलेले राहत नाही.

‘बरें झालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली’ हा तुकोबांचाच अभंग दुःखितांना पुष्कळदा ऐकवला जातो. तो ऐकवू नये. ते वाक्य ज्याची बायको उपासमारीने गेली त्याने स्वतःबद्दल, पुष्कळ अंतर चालून गेल्यावर म्हटलेले आहे. दुसऱ्याच्या दिवाळ्याला ‘बरे झाले’ म्हणण्याचा अधिकार त्यातून कोणालाच मिळत नाही.

यातच वैद्यकीय मदतीची गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. कित्येक आठवडे झोप नसणे, जेवण तुटणे, कशातच जीव न रमणे, आपण जगून काय करायचे असे विचार येणे, ही लक्षणे दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. त्याने श्रद्धा कमी ठरत नाही. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तो चोवीस तास चालू असतो. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी हा क्रमांक लावावा आणि घरातल्या एका तरी माणसाला उठवून सांगावे. त्या रात्री एकट्याने नाम घेत बसू नये. उपचार बंद करायला सांगणारा, अंगारा देऊन गाठ विरघळेल म्हणणारा किंवा शांतीच्या नावाने पैसे उकळणारा बुवा घरात येऊ देऊ नये.

शरीर कष्टवून

‘ठाकला तो कांहीं केला उपकार’, म्हणजे जमला तेवढा. दुःखात असलेल्या माणसाने समाजसेवेचा डोंगर उचलावा असे इथे म्हटलेले नाही. रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसाला तर वेगळा उपकार शोधावाच लागत नाही. गंगाखेडहून पंढरपुरास आलेली, नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई ‘दळितां कांडितां तुज गाईन अनंता’ म्हणते, आणि तिच्या अभंगांतला विठोबा तिच्याबरोबर दळू लागतो, शेणी वेचू लागतो. देव तिला कामातून सोडवत नाही, तो कामात हात लावतो. अर्धांगवायूने पडलेल्या सासऱ्यांची कूस दर दोन तासांनी बदलणाऱ्या सुनेला देवपूजेला वेळ मिळत नाही म्हणून अपराधी वाटत असेल, तर तिला जनाबाईची ही गोष्ट सांगावी. पेज ढवळताना, चादर बदलताना, आठवड्याच्या खान्यांच्या डबीत सकाळ-दुपार-रात्रीच्या गोळ्या भरताना एकेका कृतीला एकेक नाम जोडावे. ती तिची पूजा आहे.

ज्यांच्या घरातला माणूस गेला आहे आणि ज्यांचे हात अचानक रिकामे झाले आहेत, त्यांना काही काळानंतर बाहेरचे लहानसे काम उपयोगी पडते. गाडगेबाबांनी (1876–1956) कीर्तनाइतकेच बळ धर्मशाळा बांधण्यावर खर्च केले. मुंबईत दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगावर उपचार घ्यायला गावोगावहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही राहतात. अशा ठिकाणी किंवा आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत गोंधळलेल्या माणसाला खिडकी दाखवणे, एक्स-रे कुठे निघतो ते सांगणे, दोन माणसांचा डबा देणे, एवढे पुरे. मात्र शोक ताजा असताना ज्या वॉर्डात आपले माणूस गेले तिथेच सेवेला जाण्याची घाई करू नये.

भेटीला जाणाऱ्यांसाठी

दुःखी माणसाला देवाच्या सोबतीची जाणीव बरेचदा आपल्या सोबतीतून होते, म्हणून भेटीला जाणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. जाताना कारणमीमांसा घरी ठेवून जावे. ‘काही लागले तर सांग’ हे वाक्य टाळावे, कारण सांगण्याचे बळच त्या माणसात नसते. त्याऐवजी ‘बुधवारी रात्री मी बसतो, तू झोप’ असे नेमके काम उचलावे. मृताचे नाव घ्यायला घाबरू नये. नाव काढले की रडू येईल म्हणून सगळे गप्प बसतात, आणि ज्याचे माणूस गेले त्याला ते नाव ऐकायचे असते. अभंग म्हणायचा तर आधी विचारावे. नको म्हणाले तर नुसते बसावे. आणि मुख्य म्हणजे सगळी माणसे तेराव्यापर्यंत येतात व चौदाव्या दिवसापासून घर ओस पडते, हे लक्षात घेऊन आपली भेट दुसऱ्या, तिसऱ्या महिन्यासाठी राखावी, वहीत तारीख टिपून ठेवावी, दिवेलागणीच्या सुमारास जावे, आणि घरच्यांना चालणार असेल तर त्यांच्याबरोबर बसून हरिपाठाचा एक अभंग म्हणावा.